आयमाउथचें बंदर

स्कॉटलंडच्या आग्नेय किनाऱ्यावर आयमाउथ हें कोळ्यांचें लहानसें गांव आहे. बंदराच्या तोंडाशींच हर्कर नांवाचे खडक असल्यामुळें वादळांत आंत शिरणें म्हणजे प्राणांशीं गांठ! कोळ्यांस हें ठाऊक होतें. पण बंदर सुधारावयास पैसा कोठून आणावा? तेथील पाद्री मासळीचा दशांश घेत. विल्यम स्पिअर्स या कोळ्याच्या पुढारपणाखालीं गांव झगडलें, आणि १८६४ सालीं २००० पौंड कबूल करून त्या करांतून सुटलें. ती रक्कम फेडण्यांत वर्षें गेलीं. मिशनशाळेच्या अंकांत हें लिहितांना आम्हांस संकोच वाटतो. पण खरें तें लिहिलेंच पाहिजे.

ता. १४ आक्टोबर १८८१, शुक्रवार. वायुभारमापकांतील पारा फार उतरला होता. परंतु समुद्र शांत होता, व कित्येक दिवस होड्या अडकून पडल्यानें घरोघर चणचण होती. होड्या निघाल्या. दुपारीं तुफान उठलें. कित्येक होड्या परततांना त्याच खडकांवर, बायकामुलांच्या डोळ्यांदेखत फुटल्या. त्या किनाऱ्यावरील १८९ माणसें बुडालीं. पैकीं १२९ एकट्या आयमाउथचीं.

दोन दिवसांनीं ‘एरिअल गझेल’ ही होडी सुखरूप परत आली. ती बंदराकडे न वळतां भर समुद्रांतच राहिली होती.