लाल दिवा, पिवळा दिवा आणि आमची जुनी मोटार

मोटारगाडी ही आता केवळ मोठ्या लोकांची वस्तू राहिलेली नाही. आपल्या वस्तीतील कितीतरी तरुण भाड्याची गाडी चालवून संसार करतात, आणि आमच्यासारखा कारकून माणूसही पतपेढीचे कर्ज काढून का होईना, दुसऱ्याने वापरलेली एखादी लहान गाडी दाराशी उभी करतो. नवी गाडी घेणारास कंपनीची हमी असते. जुनी गाडी घेणारास काय असते? डॅशबोर्डवरचे चार-पाच दिवे असतात. त्या दिव्यांचे म्हणणे आम्हाला समजत नव्हते, आणि समजून घेण्याची तसदीही आम्ही घेतली नाही. त्यापायी घरची पाच माणसे आम्ही एका घाटात धोक्यात घातली. ती हकीकत वाचक बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

आमची गाडी २०१४ सालची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. आम्ही तिचे तिसरे मालक. २०२४च्या दिवाळीनंतर तिचा ब्रेकचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकू लागला. वळणावर लागे, सरळ रस्त्याला आलो की विझे. पत्नी शेजारी बसलेल्या असत. त्या म्हणत, "अहो, तो दिवा पुन्हा लागला." आम्ही म्हणत असू, "विझेल आपोआप." आणि तो विझेही. त्यामुळे आमचेच खरे ठरे.

पुढे तो सरळ रस्त्यावरही दिसू लागला, तेव्हा नाशिकरोडच्या एका गॅरेजात गाडी नेली. तेथील मुलाने बॉनेट उघडले, ब्रेक ऑइलच्या डबीला जोडलेली वायर काढली आणि म्हणाला, "साहेब, सेन्सर गेलाय. आता दिवा लागणार नाही." त्याने शंभर रुपये घेतले. दिवा खरोखरच लागेनासा झाला आणि आम्ही समाधानाने घरी आलो. वाणिज्य शाखेत आम्हाला लेखापरीक्षण हा विषय होता. हरकतीचा कागद फायलीतून काढून टाकला म्हणून हिशेब बरोबर होत नाही, हे आम्ही कचेरीत नव्या पोरांना शिकवतो. स्वतःच्या गाडीच्या बाबतीत मात्र आम्ही तेच केले.

दोन आठवड्यांनी पुतण्याच्या साखरपुड्यासाठी कल्याणला निघालो. गाडीत आम्ही, पत्नी, दोन मुले आणि आमची आई. इगतपुरी सोडून कसारा घाट उतरू लागलो. तिसऱ्या-चौथ्या वळणावर ब्रेक दाबला तो पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली गेले. पुन्हा दाबला, तर जवळजवळ तळाला टेकले. गाडी थोडी थांबल्यासारखी झाली, एका बाजूला ओढली गेली, पण वेग म्हणावा तसा तुटेना. पुढे मालाने भरलेला ट्रक होता. आम्ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली, मग पहिल्या, पेडल भराभर दाबीत राहिलो आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या अंगाला घातली. ती थांबली. आईने विचारले, "चहाला थांबलो का रे?" तिला काहीच कळले नव्हते. पत्नींना सर्व कळले होते. त्या काही बोलल्या नाहीत, आणि ते न बोलणे आम्हाला फार लागले.

गाडी मालवाहू टेम्पोवर चढवून परत आणली. या वेळी गॅरेजात न नेता आमच्या वस्तीतील मामांना बोलावले. मामा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. त्यांनी प्रथम गाडीला हातही लावला नाही. विचारले, "दिवा कधी लागायचा? सकाळी की दुपारी? कुठल्या वळणावर?" आम्हाला सांगता येईना. तेव्हा पत्नी आत गेल्या आणि दुधाच्या हिशेबाची वही घेऊन आल्या. मागच्या पानांवर त्यांनी तारखा टिपल्या होत्या: अमुक दिवशी डाव्या वळणावर, अमुक दिवशी चढावर, मग दोन दिवस नाही, मग ब्रेक दाबताच. मामांनी ती पाने दोनदा वाचली आणि म्हणाले, "ताई, मशीनने जे सांगितले असते ते तुम्ही आधीच लिहून ठेवलेत."

मग त्यांनी जे समजावले ते असे. बहुतेक लहान गाड्यांत ब्रेकचा लाल दिवा मुख्यतः दोन गोष्टींसाठी असतो. हँडब्रेक ओढलेला असेल तर तो लागतो, आणि ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तरी लागतो. ऑइलच्या डबीत एक तरंगता भाग असतो. तो खाली बसला की दिवा पेटतो. पातळी अगदी काठावर असेल तर वळणावर ऑइल एका बाजूला जाते, तरंगता भाग क्षणभर खाली येतो आणि दिवा लुकलुकतो. म्हणजे आमचा सेन्सर खराब नव्हता. तो पहिल्या दिवसापासून खरे सांगत होता.

पण ऑइल कमी का होते? ब्रेक ऑइल काही पेट्रोलसारखे जळून संपत नाही. त्याला दोनच वाटा. पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड झिजले की त्यांना दाबणारे दट्टे अधिक बाहेर राहतात, आणि ती जागा भरायला डबीतले ऑइल खाली उतरते. हे महिनोन्महिने हळूहळू होते. दुसरी वाट गळतीची. मामांनी मागची चाके काढली. डाव्या चाकाच्या ड्रममध्ये हात घालून बाहेर काढला तर बोटे ओली. व्हील सिलिंडरचे रबर फाटले होते आणि ब्रेक शूदेखील ऑइलने भिजले होते. मामा म्हणाले, "एस.टी.चा ब्रेक हवेवर चालतो. गळती झाली तर फुसफुस ऐकू येते. तुमचा ब्रेक ऑइलवर. तो गळताना आवाज करीत नाही, म्हणून तर हा दिवा दिला आहे." ब्रेकची नळी दोन स्वतंत्र भागांत विभागलेली असते. एक भाग रिकामा झाला तरी दुसरा थोडेफार काम करतो. घाटात आम्ही वाचलो ते त्या दुसऱ्या भागामुळे.

दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर, नवे शू आणि नवे ऑइल मिळून साधारण अडीच हजार रुपये लागले. टेम्पोचे भाडे त्याहून अधिक होते.

आता वाचकांनी घरच्या घरी काय पाहावे ते सांगतो. किल्ली फिरवून इंजिन सुरू न करता हँडब्रेक ओढा. लाल दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास बहुधा बल्ब गेला आहे किंवा हँडब्रेकच्या स्विचची वायर कोणी काढली आहे. जुनी गाडी विकत घेताना ही परीक्षा जरूर करावी, कारण विकणारे दिवाच बंद करून देतात असा अनुभव आहे. हँडब्रेक सोडल्यावर दिवा विझला पाहिजे. तो विझत नसेल आणि दांडा बोटाने जरा खाली दाबल्यावर विझत असेल, तर दोष दांड्याखालच्या स्विचचा, तो किरकोळ. तसे नसेल तर बॉनेट उघडून डबीवरच्या दोन रेघा पाहाव्यात. पातळी खालच्या रेघेजवळ असेल तर नुसते ऑइल ओतून निघू नये. आधी पॅड किती उरले ते पाहावे, चारही चाकांच्या आतल्या बाजूस ओल आहे का ते पाहावे. इंजिन चालू ठेवून पेडल एक मिनिटभर सारख्या जोराने दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात राहिले तर गाडी रस्त्यावर काढू नये. ए.बी.एस.चा दिवा आणि लाल दिवा दोन्ही एकदम लागत असतील तर प्रकार वेगळा आणि गंभीर असतो. ते मशीन लावणाऱ्या माणसाचे काम आहे.

ऑइल कोणते घालावे ते डबीच्या झाकणावरच लिहिलेले असते, डॉट ३ किंवा डॉट ४. त्यात इंजिन ऑइल किंवा अन्य तेल चुकूनही जाऊ देऊ नये. रबरे फुगतात आणि सगळी ब्रेकयंत्रणा बदलावी लागते. हे ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ ऑइल नवे असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. लांब घाट उतरताना ब्रेक सारखा दाबून ठेवला तर जुने ऑइल उकळून त्यात वाफ होते आणि पेडल मऊ पडते. ध्यानात ठेवा, अशा वेळी लाल दिवा लागत नाही. तो पातळी सांगतो, ऑइलची प्रत सांगत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावे, अर्धी उरलेली बाटली माळ्यावर जपून ठेवू नये आणि घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा.

लाल दिव्याचे प्रकरण मिटते न मिटते तोच २०२५च्या पावसाळ्यात इंजिनच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला. गाडी थरथरू लागली, चढावर ओढेना. एका दुसऱ्या गॅरेजवाल्याने इंजिनचा आवाज ऐकूनच निदान केले की धूर शुद्ध करणारा डबा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, गेला आहे. खर्च बावीस हजार. आमचा दीड महिन्याचा घरखर्च! या वेळी आम्ही पत्नींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "आधी मामांना दाखवू."

मामांच्या मुलाकडे सहाशे रुपयांचे एक लहान उपकरण आहे. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो, त्यात ते लावायचे आणि मोबाईलवर आकडा वाचायचा. आमच्या गाडीने आकडा दिला पी ०३०३. म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेट घेत नाही. मामा म्हणाले, "आकडा आजार सांगतो, औषध सांगत नाही. प्लग असेल, कॉइल असेल, पेट्रोल फवारणारा इंजेक्टर असेल." मग त्यांनी एक सोपी युक्ती केली. तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क प्लग पहिल्यात घातला आणि पहिल्याचा तिसऱ्यात. जुना आकडा पुसला आणि आम्हाला पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन यायला सांगितले. परत आल्यावर आकडा होता पी ०३०१. दोष प्लगबरोबर जागा बदलून गेला होता. प्लग काढून पाहिला तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीला केसासारखी चीर. तीनही प्लग नवे घातले, साडेचारशे रुपयांत काम झाले.

कन्व्हर्टर कधीच खराब होत नाही असे आम्ही म्हणत नाही. उलट, बिघडलेल्या प्लगकडे दुर्लक्ष केले तर तोही जातो. सिलिंडरात न जळलेले पेट्रोल त्या डब्यात जाऊन जळते आणि डबा लालबुंद तापतो. म्हणून पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल तर सावकाश घरी जाऊन एक-दोन दिवसांत तपासून घ्यावे; पण तो उघडझाप करीत असेल तर ताबडतोब वेग कमी करावा आणि सुरक्षित जागी थांबावे. वाळलेल्या गवतावर मात्र थांबू नये. बॅटरीची वायर काढून दिवा विझवणारे मिस्त्री भेटतात. त्याने आकडा पुसला जातो आणि दोष तसाच राहतो. फार जुन्या गाड्यांना हे मोबाईलचे उपकरण बहुधा लागू पडत नाही, त्यांना त्या त्या कंपनीचे मशीन लागते. काहींमध्ये तर दिवाच ठरावीक वेळा लुकलुकून आकडा सांगतो.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. तेलाच्या झारीची आकृती असलेला लाल दिवा हा इंजिनच्या पिवळ्या दिव्याचा भाऊ नव्हे. त्याचा अर्थ इंजिनात तेलाचा दाब नाही. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ, असा विचार करू नये. तेथेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे. आमच्या ओळखीच्या एका भाड्याच्या गाडीवाल्याने चार किलोमीटर तशीच दामटली आणि इंजिन जाम झाले. गाडीचे हप्ते अजून बाकी होते.

ही गोष्ट ऐकल्यावर आम्ही मामांच्या मागे लागलो. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता वस्तीतील गाड्या समाजमंदिरासमोरच्या पटांगणात उभ्या राहतात. मामा खुर्चीवर बसतात, मुले बॉनेट उघडतात. गेल्या खेपेस सात गाड्या आल्या होत्या. त्यांपैकी दोन गाड्यांच्या ब्रेकच्या दिव्यात बिघाड निघाला. एकीचा बल्ब गेला होता आणि दुसरीची डबीवरची वायर कोणीतरी काढून चिकटपट्टीने बांधून ठेवली होती. ती गाडी शाळेची मुले नेणारी होती. मामांनी वायर जोडली, दिवा लागला, आणि तो हँडब्रेक सोडल्यावरही विझला नाही. चालक म्हणाला, "मामा, सोमवारी मुलांना न्यायचे आहे." मामा म्हणाले, "मग आजच चाके काढू." पुढचे पॅड धातूपर्यंत झिजले होते. संध्याकाळी चारपर्यंत काम चालले, आणि जेवणाचे डबे पत्नींनी पटांगणातच पाठवले.