मासा गळातून का सुटतो?

ओढ्याकाठी गळ टाकून बसलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. पाण्यावरचं बूच हलतं. माणूस झटका देतो. गळ मोकळाच वर येतो. मग तो म्हणतो, "आज नशीबच खोटं!"

आम्हीही असंच म्हणत होतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर आम्हांला गळाचा नाद लागला. एकदा घरी लेक-जावई आले होते. आम्ही मोठ्या ऐटीत मरळ आणायला गेलो. मासा तीनदा लागला आणि तीनदा सुटला. रात्री पाहुण्यांना पिठलं वाढलं!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्या भोईबाबांनी आमचा गळ हातात घेतला आणि ते हसले. म्हणाले, "गुरुजी, नशिबाला कशाला बोल लावता? गळ बोथट आहे तुमचा."

जन्मभर आम्ही मुलांना 'कारणे द्या' म्हणून प्रश्न घातले. पण आपला मासा का सुटला, याचं कारण काही शोधलं नाही. त्या दिवसापासून शोधू लागलो.

आधी मासा घास कसा घेतो ते पाहू. तो एकदम जबडा उघडतो. तोंडात पोकळी होते आणि पाणी आत धावतं. पाण्याबरोबर आमिषही आत जातं. घास नकोसा वाटला, तर मासा तो लगेच थुंकून टाकतो. म्हणजे आमिष तोंडात आहे, तेवढ्यातच गळ रुतला पाहिजे. त्यासाठी पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट टोकाची. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढा. ते नखाला अडकलं, तर धार आहे. घसरलं, तर बारीक कानशीनं घासा. दगडाला लागून टोक मुडपतं, म्हणून मधूनमधून पुन्हा बघा.

दुसरी आमिषाची. गांडुळांचा गोळा करून सगळा गळ झाकू नका. टोकच बुडालं, तर माशाला रुतणार काय? टोक जरासं मोकळं ठेवा.

तिसरी दोरीची. दोरी ढिली असली, तर सगळा झटका ढील काढण्यातच संपतो. नायलॉनची दोरी ताणतेसुद्धा. जितकी लांब, तितकी जास्त ताणते. म्हणून आधी ढील आवरा, मग झटका द्या.

चौथी वेळेची. गांडूळ लावलं असेल, तर घाई करू नका. बूच नुसतं थरथरतं, तेव्हा मासा आमिष चाचपत असतो. बूच सरळ खाली गेलं किंवा एका बाजूला चालू लागलं, की झटका द्या.

पण बाजारात शिशाचं डोकं बसवलेला गळही मिळतो. त्याला जिग म्हणतात. अमेरिकेत बास नावाचा मासा धरायला तो फार वापरतात. त्यावर रबराचं खोटं आमिष असतं. खोटा घास मासा तोंडात ठेवील कशाला? तिथे थांबलात की फसलात. हाताला हलकीशी टकटक लागली, दोरी बाजूला सरकली किंवा जिग खाली जाता जाता दोरी मध्येच सैल पडली, तर मासा लागला असं समजा. लगेच ढील आवरून झटका द्या.

पाचवी जोराची. मरळीचा जबडा हाडाचा आणि दातांचा. तिथे झटका जोरदार हवा. रोहूचे ओठ मऊ आणि मांसल. तिथे फार जोर केला, तर ओठ फाटून मासा जातो. त्याला मनगटाचा हिसका पुरे.

मासा लागला, की काठी उंच धरा. दोरी ढिली सोडू नका, पण ओढाओढही करू नका. त्याला पळून दमू द्या. काठाशी आला, की जाळीत घ्या. दोरीनं उचलायला गेलात, तर हातचा मासा जाईल.

आणखी एक सांगतो. पावसाळ्यात तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला, तर तिथे गळ टाकू नका. खाली मरळ पिलांची राखण करीत असते. राखणदार गेला, की इतर मासे पिलं खाऊन टाकतात. मग पुढच्या साली गळाला काय लागणार?

परवा आम्ही दोन मरळी आणल्या. एक भोईबाबांच्या घरी पोचती केली. त्यांनी मासा बाजूला ठेवला. आधी आमच्या गळाचं टोक नखावर ओढून पाहिलं, आणि मान डोलावली.