मुंबईचे बंदर : निसर्गाची देणगी आणि माणसाची करणी

आम्ही जळोचीकर समुद्रापासून तसे दूरच. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आमचे गाव. पाणी म्हणजे नीरेचा डावा कालवा, आणि मोठे पाणी पाहायचे झाले तर इंदापूर तालुक्यातील भिगवणला जाऊन उजनीचा फुगवटा. त्यामुळे भूगोल विभागाच्या सहलीत गेट वेच्या पायऱ्यांवरून घारापुरीच्या लाँचमध्ये बसलो तेव्हा आमच्यापैकी निम्म्यांनी समुद्र प्रथमच जवळून पाहिला. पहिली प्रतिक्रिया थोडी निराशेचीच होती. लाटा कुठे आहेत? चित्रपटात समुद्र खवळतो, फेसाळतो. इथे तर उजनीसारखेच शांत, गढूळ पाणी. सरांनी हसून सांगितले, "लाटा नाहीत, म्हणून तर मुंबई आहे."

या एका वाक्याचा उलगडा करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर वारा नैऋत्येकडून येतो आणि उघड्या किनाऱ्यावर जहाज उभे राहू शकत नाही. मुंबईच्या बाबतीत निसर्गाने अशी रचना केली आहे की, उत्तर-दक्षिण पसरलेले मुंबईचे बेट हे समुद्र आणि बंदर यांच्यामध्ये भिंतीसारखे उभे आहे. मार बसतो तो मलबार हिल, वरळी यांच्या काळ्या बसाल्ट खडकावर. जहाजे उभी राहतात ती बेटाच्या पूर्व अंगाला. पलीकडे उरण आणि रायगड जिल्ह्याचा किनारा, मध्ये घारापुरी आणि जवाहर द्वीप, उत्तरेला ठाण्याची खाडी, आग्नेयेला पाताळगंगा आणि अंबा या नद्यांचे पाणी आणणारी धरमतरची खाडी. या सर्वांनी वेढलेला जलाशय सुमारे चारशे चौरस किलोमीटरचा भरतो. त्याचे मुख दक्षिणेच्या बाजूला उघडते.

हा जलाशय पूर्वी जमीन होता. प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाखाली मुळांसकट उभी असलेली झाडे सापडली होती. म्हणजे ज्या ठिकाणी आज जहाजांचा तळ लागतो तिथे एके काळी जंगल होते, आणि जमीन खचल्यामुळे वा पाणी चढल्यामुळे ते बुडाले. पळसदेवच्या पळसनाथाचे देऊळ उजनीच्या पाण्याखाली गेलेले आणि पाणी ओसरले की वर येणारे आपल्या भागातील सर्वांनी पाहिले आहे. त्यामुळे ही कल्पना आपल्याला तरी अवघड जाऊ नये.

आता एक प्रश्न साहजिकच पडतो. एवढे उत्तम बंदर असताना प्राचीन व्यापाऱ्यांनी ते का वापरले नाही? सातवाहनांच्या काळात नाव होते ते सोपाऱ्याचे, कल्याणचे, चौलचे. इ. स. च्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा उल्लेख आहे, मुंबईचा नाही. माझ्या मते याचे उत्तर समुद्रात नसून घाटात आहे. बंदराला पुढे पाणी लागते तशी मागे वाट लागते. कल्याणहून नाणेघाट चढला की जुन्नर. म्हणून जुनी गलबते खाडीतून थेट कल्याणपर्यंत आत जात. त्यांना फार खोल पाणी नकोच होते. मुंबईची सात बेटे म्हणजे मधून भरतीचे पाणी खेळणारी, दलदलीची जागा. तिथे माल उतरवून पुढे न्यायचा कसा?

१५३४ साली वसईच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने ही बेटे पोर्तुगीजांना दिली, पण त्यांचे लक्ष वसईत आणि गोव्यात. १६६१ च्या विवाहकरारात ती इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये त्याने वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. आमच्याकडे एक एकर जिरायत जमीनही एवढ्या खंडाने कोणी देणार नाही! शिवाजी महाराजांनी मात्र या जागेचे मर्म बरोबर ओळखले होते. १६७९ मध्ये त्यांनी बंदराच्या तोंडावरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांची झोप उडाली. खांदेरी ज्याच्या हाती, त्याची नजर आत येणाऱ्या प्रत्येक शिडावर.

बंदराचा खरा धंदा सुरू झाला तो जहाजबांधणीपासून. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर सुरतेहून मुंबईत आले आणि १७५० मध्ये आशियातील पहिली कोरडी गोदी येथे तयार झाली. गोदीचे तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढते-उतरते. भरतीला जहाज गोदीत घ्यायचे, ओहोटीबरोबर पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि दार लावायचे. राहिलेले पाणी उपसले की जहाज कोरड्यावर! त्याचा तळ खरवडा, दुरुस्त करा, आणि पुन्हा भरती आली की सोडून द्या. चंद्रच तिथला अर्धा मजूर. कोळी लोक अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला 'उधाण' आणि अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला 'भांग' म्हणतात.

वाडियांची जहाजे सागवानाची. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागवानात ते टिकतात. १८१७ साली येथे बांधलेले 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर तरंगते आहे. १८४२ चा नानकिंगचा तह झाला तोही मुंबईतच बांधलेल्या 'कॉर्नवॉलिस'वर. अफूच्या व्यापारासाठी लढलेल्या युद्धाचा तो तह, आणि त्या अफूचा मोठा हिस्सा याच बंदरातून चीनला गेलेला. मुंबईच्या जुन्या श्रीमंतीत हा पैसाही आहे, हे पुस्तकांत सहसा एका ओळीत उरकले जाते.

मग घाट फुटला. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि १८६३ मध्ये तिने बोरघाट ओलांडला. नेमकी त्याच सुमारास अमेरिकेत यादवी पेटली (१८६१-६५), लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, आणि दख्खन-वऱ्हाडचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईच्या धक्क्यावरून जाऊ लागला. १८६५ मध्ये युद्ध थांबताच भाव कोसळले. प्रेमचंद रायचंदांसारखे बडे सटोडियेही बुडाले. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि इंग्लंडचे अंतर चार हजारांहून अधिक सागरी मैलांनी घटले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. ससून डॉक १८७५ चा. पुढे प्रिन्सेस, व्हिक्टोरिया आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा, म्हणजे आजची इंदिरा गोदी.

या बंदराच्या इतिहासात दोन काळे दिवस आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या बोटीला आग लागली. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटके, त्याच बोटीत कराचीहून भरलेल्या कापसाच्या गासड्या, आणि सोन्याच्या विटा. दुपारी चारनंतर झालेल्या दोन स्फोटांनी गोदी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त केली. सोने आकाशातून पडल्याच्या कथा सगळे सांगतात. आग विझवताना ६६ अग्निशामक जवान गेले, हे कमी जणांना ठाऊक असते. देशभर १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. दुसरा दिवस १७ जुलै १९४७ चा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी लाटेने कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते, सणाला घरी निघालेले ते कोकणी चाकरमानी होते.

सहलीत आम्हाला घारापुरीच्या लाँचमधून पलीकडच्या काठावर उंचच उंच क्रेन दिसल्या. ते न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर, १९८९ मध्ये सुरू झालेले. पेट्या आल्या आणि बंदराचे रूपच पालटले. पूर्वी शेकडो गोदी कामगार पाठीवर पोती वाहत. आता एकाच आकाराची लोखंडी पेटी क्रेनने उचलली की काम झाले. २०२४-२५ मध्ये या बंदराने वीस फुटी पेटीच्या हिशेबाने सत्तर लाखांहून अधिक पेट्या हाताळल्या. जुन्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या मात्र बुजवल्या गेल्या.

पण हे बंदर मोकळ्या जागेवर उभे राहिलेले नाही. शेवा कोळीवाड्यातील माणसे उठवून दुसरीकडे वसवली गेली. नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण ठार झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे धोरण आले. उजनीच्या पाण्याने ज्यांची गावे गेली त्यांची मुले आमच्या वर्गात आहेत. त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नाही.

आपला या बंदराशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांसाठी थोडे घरचे. माझ्या मामांची बोरीला द्राक्षबाग आहे. त्यांची द्राक्षे शून्य अंशाच्या आसपास थंड ठेवलेल्या पेटीत न्हावा-शेव्याहून युरोपला जातात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास दोन आठवड्यांच्या आसपास लांबला, भाडे वाढले. मामांना १८६९ हे साल माहीत नव्हते, पण ते रद्द झाल्यासारखा तो हंगाम त्यांना काढावा लागला.

मोठ्या जहाजांना आता पाणीही पुरत नाही. न्हावा-शेव्याची नाळ उपसून सुमारे पंधरा मीटर खोल ठेवावी लागते, कारण खाड्या गाळ आणतच राहतात. म्हणून डहाणूजवळ वाढवण येथे, जिथे किनाऱ्यापुढे वीस मीटर खोली आहे, नव्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथे बेटाचा आडोसा नाही. लाटा अडवायला बांध घालावा लागेल. तिथल्या मच्छीमारांचा त्याला अनेक वर्षे विरोध आहे.

परतताना ओहोटी लागली होती. शिवडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा दिसतो का, म्हणून आम्ही सगळे लाँचच्या कठड्याशी गोळा झालो. दिसला नाही. "भिगवणला गेले असतील," एक जण म्हणाला, आणि तांडेलाने आम्हाला ओरडून पुन्हा जागेवर बसवले.