चूल पाहुण्यांच्या हाती

सुट्टीपुरते भाड्याने मिळणारे, परंतु ज्यात जेवणाची व्यवस्था मालक करत नाही आणि पाहुणे आपला स्वयंपाक आपणच करतात, अशा घराला पर्यटन व्यवसायात ‘सेल्फ-केटरिंग कॉटेज’ म्हणतात. हॉटेलात खोली मिळते, होमस्टेमध्ये यजमानाच्या घरातली खोली आणि त्याच्या घरचे जेवण मिळते. येथे मात्र संपूर्ण घर, त्याची किल्ली आणि त्यातील शेगडी पाहुण्याच्या ताब्यात येते. प्रकाराचे नाव नवे असले तरी व्यवहार महाराष्ट्राला अपरिचित नाही. देवळालीसारख्या हवा खाण्याच्या ठिकाणी निरनिराळ्या समाजांनी बांधलेल्या सॅनिटोरियममध्ये कुटुंबे हवापालटासाठी दीर्घकाळ राहत आणि तेथेच चूल मांडत. तीर्थक्षेत्रांतील धर्मशाळांतही अनामत घेऊन भांडी देण्याची पद्धत होती. युरोपात या कल्पनेला संघटित रूप फ्रान्समध्ये मिळाले. खेड्यांतून लोक शहरांकडे जाऊ लागल्याने ओस पडलेली शेतघरे दुरुस्त करून सुट्टीसाठी भाड्याने द्यावीत आणि त्यातून शेतकऱ्याला जोडउत्पन्न मिळावे, या हेतूने तेथे १९५१ मध्ये पहिले ‘जीत’, म्हणजे असे ग्रामीण सुट्टीघर, सुरू झाले आणि १९५५ मध्ये अशा घरांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, विशेषतः केळवे, माहीम, शिरगाव, नांदगाव आणि चिंचणी या पट्ट्यात, याच प्रकारची घरे वाड्यांमधून उभी राहत आहेत. एप्रिल २०१३ मध्ये मुंबईची उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली आणि ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा होऊन हा स्वतंत्र जिल्हा झाला. मुंबईकर कुटुंबाला शनिवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणापर्यंत समुद्रावर पोहोचता येते, ही या भागाची मोठी जमेची बाजू आहे. अशा कुटुंबाला नेमके काय हवे असते, याविषयी मालकांचा अंदाज मात्र अनेकदा चुकतो. पोहण्याचा तलाव, ध्वनिक्षेपक आणि रंगीत दिवे यांवर पैसा ओतला जातो, तर स्वयंपाकघर शेवटी उरलेल्या जागेत आणि घरातून बाद झालेल्या भांड्यांवर भागवले जाते. वास्तविक ज्याला तलाव आणि तयार जेवण हवे असते तो रिसॉर्टकडे वळतो. स्वयंपाकघर असलेले घर निवडणाऱ्याची गरज निराळी असते: घरात लहान मूल आहे, वृद्धांना पथ्य आहे, कोणाला कांदा-लसूण चालत नाही, किंवा ताजी मासळी आणून आपल्या हाताने शिजवायची आहे. त्याला दोन दिवसांपुरते दुसऱ्या गावचे गृहस्थ व्हायचे असते, आणि त्यासाठी लागणारी साधने त्या घरात असावीत एवढीच त्याची अपेक्षा असते.

म्हणून अशा घराची परीक्षा ओट्यापाशी होते. दहा जणांची झोपण्याची सोय असलेल्या घरात चार जणांपुरता कुकर, दोन पातेली आणि मोजून सहा ताटे असतील, तर दोन कुटुंबे एकत्र आल्याबरोबर अडचण सुरू होते. माणसे सामावण्याची क्षमता आणि भांड्यांची क्षमता एकच असली पाहिजे, हा अगदी साधा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. मराठी स्वयंपाकाला परात, पोळपाट-लाटणे, तवा, उलथने, खोल कढई, चहाचे गाळणे, सांडशी आणि नारळासाठी खवणी किंवा खवणीची विळी लागते. यांपैकी लाटणे नसेल तर पोळ्या अडतात आणि सांडशी नसेल तर हात भाजतात. त्या वेळी भिंतीवरचा मोठा दूरदर्शन संच उपयोगी पडत नाही. कुकरची रबरी रिंग सैल झालेली नसावी, सुरीला धार असावी, मिक्सरचे झाकण त्याच मिक्सरचे असावे आणि शेगडीजवळ लायटर किंवा काडेपेटी असावी. मीठ, साखर, चहापूड, तेल, हळद, तिखट आणि मोहरी एवढा शिधा मालकाने ठेवला, तर त्याचा खर्च नगण्य असतो, पण रात्री उशिरा पोहोचलेल्या कुटुंबाला दुकान शोधत फिरावे लागत नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी भांड्यांचा एक संच कायमचा वेगळा, वेगळ्या कपाटात आणि तसे लिहून ठेवलेला असावा. मुंबईहून येणाऱ्या जैन आणि गुजराती कुटुंबांसाठी ही बाब आवडीनिवडीची नसून आचाराची असते.

मासळीचा विषय या किनाऱ्यावर स्वतंत्रपणे विचारात घ्यावा लागतो. सातपाटी हे पापलेटसाठी नावाजलेले बंदर असून चंदेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. पाहुण्यांना ही मासळी बंदरावरून आणून शिजवायची हौस असते, मात्र बाजार कोणत्या वेळी भरतो, लहान मासळी ‘वाट्या’वर म्हणजे ढिगाच्या हिशेबाने विकली जाते आणि मासे साफ करून कोठे मिळतात, हे त्यांना ठाऊक नसते. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला सर्वसाधारणपणे बंदी असते, कारण तो अनेक माशांच्या प्रजननाचा काळ असून समुद्रही खवळलेला असतो. त्यामुळे पावसाळ्यात येणाऱ्याला ताज्या पापलेटचे आश्वासन देऊ नये, सुके बोंबील, सुकट आणि खाडीची मासळी यांची माहिती द्यावी. घरातही काही सोय लागते. मासे धुण्यासाठी ओट्यापासून दूर, शक्यतो मागील अंगणात, नळ आणि दगडी कट्टा असावा, तळण्याचा तवा वेगळा असावा आणि खवले-काट्यांच्या कचऱ्यासाठी घट्ट झाकणाची बादली असून ती रोज रिकामी केली जावी. हे नसेल तर आदल्या पाहुण्याच्या जेवणाचा वास नव्या पाहुण्याच्या स्वागताला उभा राहतो.

पाण्याकडे तर प्रथम लक्ष द्यायला हवे. समुद्रालगतच्या विहिरी आणि कूपनलिका यांचे पाणी पुष्कळदा मचूळ आणि जड असते. ज्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात त्याला जड पाणी म्हणतात. अशा पाण्यात साबणाचा फेस होत नाही आणि तूरडाळ शिजायला फार वेळ लागतो. डाळ न शिजल्याचा दोष पाहुणा कुकरला देतो, म्हणून पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी कोणते व वापरण्याचे कोणते हे नळावरच लिहिलेले असावे. गॅसच्या बाबतीतही एक गोष्ट अनेक मालक दुर्लक्षित करतात: १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर भाड्याच्या व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, आणि शनिवारी रात्री गॅस संपल्यास दुसरा भरलेला सिलिंडर हाताशी असावा लागतो.

मालकाने किंवा राखणदाराने किती जवळ असावे, हा नाजूक प्रश्न आहे. हाक मारल्यावर येईल इतक्या अंतरावर माणूस हवा, परंतु अंगणात बसून पाहुण्यांवर नजर ठेवणारा नको. त्याच्याकडून दोन प्रकारची माहिती अपेक्षित असते. पहिली पैशांची: अनामत किती, जादा माणसाचे काय, वीज वेगळी आकारली जाते काय, हे आरक्षणाच्या वेळीच स्पष्ट झाले पाहिजे, कारण निघताना उद्भवणारा अनपेक्षित आकार दोन दिवसांचे समाधान पुसून टाकतो. दुसरी समुद्राची. केळव्याची सुरूची बने, शीतलादेवीचे मंदिर किंवा १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलेला तारापूरचा किल्ला पाहुण्याला विचारून सापडतो, भरती मात्र विचारून येत नाही. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक काही मीटरांचा असतो आणि सपाट पुळणीवर पाणी झपाट्याने मागे भरते. कोकण किनाऱ्यावर तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा जुना, ढोबळ हिशेब आहे. अष्टमीला तो साधारण सहा वाजताची भरती दाखवतो. तरीही अधिकृत तक्त्यातील त्या दिवसाच्या वेळा फळ्यावर लिहून ठेवणे हेच सुरक्षित असते.

याच जिल्ह्यातील औद्योगिक बोईसरला पोहोचल्यावर पाहुण्याचे स्वरूपच बदलते. तारापूर अणुविद्युत केंद्र १९६९ पासून वीज देऊ लागले आणि त्याच्या शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आले. एखादा कारखाना देखभालीसाठी काही दिवस पूर्ण बंद ठेवतात, ज्याला तेथे ‘शटडाऊन’ म्हणतात, तेव्हा बाहेरगावचे अभियंते, वेल्डर आणि तपासनीस आठवडेच्या आठवडे मुक्कामाला येतात. समुद्र त्यांना नको असतो. रात्रपाळीनंतर दिवसा झोपता येईल असा अंधार आणि शांतता, कपडे धुण्याचे यंत्र, विनाखंड इंटरनेट, महिन्याचे बिल कंपनीला सादर करता येईल अशी रीतसर पावती आणि हॉटेलच्या जेवणाला विटल्यावर वरण-भात लावता येईल असा ओटा त्यांना हवा असतो; त्यांच्यात परदेशी तंत्रज्ञ असल्यास त्याच्या मुक्कामाची नोंद २४ तासांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे करणे यजमानावर बंधनकारक आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेचे एक स्थानक बोईसरजवळ उभे राहत आहे आणि स्थानिक मच्छीमारांचा दीर्घ विरोध असलेल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्यामुळे दीर्घ मुक्कामाचे पाहुणे वाढतील असे मानून या भागात नवी घरे बांधली जात आहेत. त्यांच्या नकाशात ओट्यावर खिडकी, धूर बाहेर टाकणारा पंखा, दोन शेगड्यांपुरती जागा आणि मागच्या दारी पाण्याचा नळ आताच धरून ठेवणे स्वस्त पडते, कारण भिंती उभ्या राहिल्यानंतर याच चार गोष्टींसाठी तोडफोड करावी लागते.