स्टिअरिंगची कुरकुर

काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. तिथे टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असते आणि शेवटची पद्मिनी २००३ साली ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणाच्या अंगणात, कुणाच्या सोसायटीत ताडपत्रीखाली. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली ही गाडी मूळची इटलीची फियाट ११००. अब्बांनी घेतली, आईला त्यातूनच दवाखान्यात नेले, मग ती विकवत नाही.

अशा गाडीची एक ठरलेली तक्रार असते. वळण घेताना स्टिअरिंग कुरकुरते. आणि त्यावरचा ठरलेला इलाज म्हणजे वरून थोडे तेल सोडणे. आमचे म्हणणे असे की तेलाच्या डब्याला हात लावण्याआधी आवाज कुठून येतो ते शोधावे. काही कुरकुर निव्वळ कोरडेपणाची असते. काही झिजलेल्या भागाची असते, आणि तेलाने ती नुसती गप्प बसते.

इंजिन बंद ठेवून पुढची चाके जॅकने उचला, खाली मजबूत स्टँड द्या, मागच्या चाकांना दगड लावा. एकाने स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे, दुसऱ्याने ऐकावे. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे दांड्याजवळ धरले की आवाजाची जागा बरीच नेमकी कळते. चाके उचलल्यावर आवाज बंदच झाला, तर दोष बहुधा खाली, टाय-रॉडच्या टोकांत किंवा चाकाजवळच्या सांध्यांत असतो. आवाज तसाच राहिला तर तो वरचा. आणखी एक गोष्ट: बहुतेक पद्मिनींत गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच जोडलेला असतो. गिअर टाकतानाच कुरकुरत असेल तर स्टिअरिंगला दोष देऊ नका, गिअरच्या सळ्यांचे बुश बघा.

वरच्या भागात संशयित तीन. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून दांडा जातो, तिथले रबर उन्हाने कडक होते. दांड्याचा वरचा बुश कोरडा पडतो. आणि स्टिअरिंगखाली हॉर्नचा धातूचा संपर्क सतत घासत असतो.

रबराला इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस कधीच लावू नये. रबर फुगते, मऊ पडते आणि वर्षभरात फाटते. तिथे सिलिकॉन ग्रीस. तडे गेले असतील तर रबर बदलणेच बरे. बुशला जुने, काळे झालेले ग्रीस पुसून नवे लिथियम ग्रीस द्यावे. गंज सोडवणारा स्प्रे बाजारात सहज मिळतो, पण तो थोड्या दिवसांत उडून जातो आणि उरलेसुरले ग्रीसही धुऊन नेतो. हॉर्नच्या संपर्कावर फक्त पातळ थर, नाहीतर हॉर्नच वाजणार नाही.

त्यासाठी स्टिअरिंग काढावे लागते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. नट काढण्यापूर्वी स्टिअरिंग आणि दांडा यांवर समोरासमोर खूण करा, नाहीतर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे दिसेल. घट्ट बसले असेल तर पुलर वापरा. हातोडी मारून काढणारे बरेच भेटतात. त्या ठोक्याने आतला बुश दुखावतो.

स्टिअरिंग फिरवूनही चाके हलायला उशीर लागत असेल, अधेमधे अडकत असेल, किंवा कुरकुरीबरोबर खटखट असेल, तर घरगुती उपाय थांबवावेत आणि गाडी चालवून नव्हे, उचलून जाणत्या मिस्त्रीकडे न्यावी. तिथेही "ग्रीस मारून देतो" एवढ्यावर समाधान मानू नका. काढलेला बुश हातात घेऊन बघा.

काम झाल्यावर नट पूर्ण आवळल्याची खात्री करा आणि रिकाम्या मैदानात हळू वेगात दोन्ही बाजूंना वळून पाहा. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला हवे आणि हॉर्न प्रत्येक कोनात वाजायला हवा. मुलांना त्यानंतर बसवा.