खालचा कप्पा मुलांचा

मॅटेलने हॉट व्हील्स १९६८मध्ये आणल्या, तेव्हा पहिल्या संचात १६ गाड्या होत्या. आजही बहुतेक गाड्या साधारण १:६४ प्रमाणातल्या, चिमुकल्या मुठीत मावणाऱ्या. पाकीट फोडावं की जपावं? घरात लहान मूल असेल तर खुशाल फोडावं.

संग्रहात लाल डबलडेकर हवीच. बेस्टची जुनी डिझेल डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली, तीही अंधेरीच्या आगरकर चौक ते सीप्झ या ४१५ क्रमांकाच्या मार्गावर. वरच्या मजल्यावर पुढची खिडकी पकडायला आपण कसे धावायचो, ते खेळण्यातली बस हातात देऊन मुलांना सांगता येतं.

आईबाबांची जुनी खेळणी मात्र वरच्या कप्प्यात ठेवा; जुन्या रंगात शिसं असू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती सुटी चाकं, बारीक भाग नकोत. नवं खेळणं घेताना आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१पासून ते सक्तीचं आहे. पावसाळ्याआधी सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. गाड्या पुसायचं काम मुलांकडेच द्या.