काटा लाल पट्टीवर, इंजिन 91 अंशांवर

साताऱ्याजवळच्या एका गॅरेजात वीस-बावीस वर्षांची पेट्रोल हॅचबॅक आली. दिवसा टेंपरेचरचा काटा मध्यावर असतो, पण अंधार पडल्यावर खंबाटकी घाट चढताना तो थेट लाल पट्टीला भिडतो, अशी तक्रार होती. आधीच्या गॅरेजने थर्मोस्टॅट बदलला होता. आता रेडिएटरही बदला, असं सांगितलं होतं.

इथल्या मिस्त्रींनी इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि मगच कॅप उघडली. कुलंट काठोकाठ होतं. ही तपासणी पहिली, कारण सेन्सरचं टोक कुलंटमध्ये बुडलेलं असावं लागतं. पातळी उतरून तिथे हवा साठली तर काटा खाली येतो, इंजिन मात्र तापतच राहतं. चालक निर्धास्त राहतो आणि हेड वाकतं.

मग इंजिन सुरू झालं. थर्मोस्टॅटच्या ॲल्युमिनियम हाउसिंगवर मिस्त्रींनी काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि त्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखला. चकचकीत धातूवर हे यंत्र तापमान कमी दाखवतं, म्हणून टेप. आकडा 91 अंश सेल्सिअसवर स्थिरावला. बहुतेक थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांच्या दरम्यान उघडू लागतात, आणि कॅपच्या दाबाखाली असलेलं कुलंट साधारण 120 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं.

त्यांनी हेडलाइट लावले.

टेंपरेचरचा काटा वर सरकला आणि त्याच्याबरोबर पेट्रोलचाही! टाकीत पेट्रोल वाढणं शक्य नव्हतं. मल्टिमीटरची एक पिन मीटरच्या अर्थिंगच्या वायरला आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावली. जिथे जवळपास शून्य दिसायला हवं, तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक होता. डॅशबोर्डमागचा अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. तो पॉलिश पेपरने घासून घट्ट आवळला. काटा मध्यावर आला आणि दिवे लावल्यावरही हलला नाही. रेडिएटर वाचला.

खरी तापलेली गाडी वेगळ्या खुणा दाखवते. जॅममध्ये तापते आणि मोकळ्या रस्त्यावर निवते, तर आधी फॅन, त्याचा रिले आणि फ्यूज पाहतात. वेगात तापली तर रेडिएटर चोंदल्याचा किंवा वॉटर पंपाचा संशय येतो. थंड इंजिन सुरू करताच वरचा होज दगडासारखा कडक झाला आणि कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी. थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नव्हे. त्याने इंजिन गरजेपेक्षा गार राहतं आणि जास्त पेट्रोल पितं.

काटा चढला तर एसी बंद करा, गाडी बाजूला घेऊन इंजिन थांबवा, गरम कॅपला हात लावू नका. आणि कुठलाही पार्ट बदलण्याआधी इंजिनाचं तापमान वेगळ्या यंत्राने मोजून दाखवायला सांगा.